देवरावकाका अर्ज तपासतात

देवरावकाकांना कुणी 'मी बरा आहे' असं सांगितलं, तर ते विचारतात, "कशावरून?"

यात विनोद नसतो. समोरचा माणूस हसतो, काका हसत नाहीत. ते खरोखर उत्तराची वाट बघत उभे राहतात. त्यामुळे आमच्या इमारतीतले लोक जिन्यात त्यांच्याशी तब्येतीबद्दल बोलत नाहीत. फार तर 'ऊन आहे' म्हणतात, कारण नागपुरात मे महिन्यात त्याला पुरावा लागत नाही. तरी एकदा त्यांनी 'कालच्यापेक्षा कमी आहे' अशी दुरुस्ती केली होतीच.

देवराव बोरकुटे तळमजल्यावर राहतात आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. नेमकं सांगत नाही, कारण नेमकं सांगितलं तर ते दाखला मागतील. हिंगण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं, ते म्हणजे नोकरीसाठी आलेले अर्ज तपासायचे. खिडकीजवळ टेबल, टेबलावर अर्जांचा गठ्ठा, हातात लाल पेन. अर्जदारानं जे केल्याचं लिहिलंय ते त्यानं केलं असेल का, हे ठरवायचं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या फुशारक्या वाचल्यावर माणसाचं काय होतं ते पाहायचं असेल, तर काकांकडे चहाला जावं.

काका निवृत्त झाले, लाल पेन झालं नाही. घरी आलेल्या लग्नपत्रिकेत 'सुप्रसिद्ध उद्योजक' असं असलं की त्याच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह पडतं. इतवारीत भांड्यांच्या एका दुकानावर 'शहरातील सर्वात जुने दुकान' अशी पाटी आहे. कुसुमकाकूंना कुकर घ्यायचा होता. काका त्या पाटीखाली थांबले, आत जाऊन दुकान कधीचं ते विचारून आले, मग पलीकडच्या दुकानात जाऊन त्यांचं विचारून आले. हातगाड्यांच्या गर्दीत काकू अर्धा तास उभ्या. पलीकडचं दुकान नऊ वर्षांनी जुनं निघालं. कुकर अर्थातच तिथून घेतला, आणि त्याची शिटी आजतागायत नीट वाजत नाही. काकू सांगतात, "मले पाह्याले आले तवा बाकीच्यायनं नाव विचारलं, शिक्षण विचारलं. ह्यायनं विचारलं, हे पोहे नक्की तुम्हीच केले का? मी म्हटलं, हो. तं म्हणते, आणखी एकदा करून दाखवता का?"

"अन् दाखवले का?" मी विचारलं होतं.

"दाखवले ना. पहिले माह्या वहिनीनं केले होते."

एक प्रसंग मात्र मला तेव्हा फार लागला होता. आमच्या इमारतीतले एक आजोबा गेले. त्यांच्या मुलानं खाली फलकावर लिहिलं, 'अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ'. दुसऱ्या दिवशी 'मनमिळाऊ'पुढे लाल प्रश्नचिन्ह. मुलगा संतापून तळमजल्यावर गेला. काका शांतपणे म्हणाले, मला शंका नाही, मला एक उदाहरण पाहिजे. मुलगा दारात उभा राहिला, आठवत राहिला, आणि मग त्यानं सांगितलं, की समोरच्या इमारतीतल्या अंध गृहस्थांना बाबा रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचे. "मंग ते लिव्हा ना," काका म्हणाले. "मेल्यावर तं सगळेच मनमिळाऊ असते." मुलानं फलक पुसून नवा लिहिला. मला वाटलं, काय हा माणूस. दुःखात असलेल्याला परीक्षेला बसवतो.

तर अशा या माणसानं तीनेक वर्षांपूर्वी इमारतीच्या फाटकावर एक पुठ्ठा टांगला: 'नोकरीचे अर्ज तपासून मिळतील. मुलाखतीची तयारी करून मिळेल. शुल्क नाही. खोटे अर्ज आणू नयेत.'

यातल्या 'शुल्क नाही'नं सगळा घोटाळा केला. कुणी काही फुकट करतोय म्हटलं की आपल्याकडे लोक आधी मागे सरकतात. तिसऱ्या मजल्यावरच्या ढोबळेवहिनींचं मत असं, की काका अजून कारखान्यांचे हेर आहेत. कोण कुठे काय खोटं लिहितो ते आतून कळवतात. दुसरं मत असं, की त्यांना सवय सुटत नाही, नुसत्या चुका काढायला गिऱ्हाईक पाहिजे. मला दोन्ही मतं एकाच वेळी पटत होती. मी स्वतः चौदा वर्षं एका फरसाण कारखान्यात गुणवत्ता तपासायचं काम करत होते. तेलाचा वास घ्यायचा, पाकीट दाबून बघायचं, आणि कुणावर विश्वास ठेवायचा नाही. धंदा आमचा दोघांचा एकच होता. त्यामुळे मी त्यांच्यावर जरा जास्तच लक्ष ठेवून होते.

मग आमच्या मालकांनी कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला, आणि एका दुपारी आम्हा सगळ्यांच्या हातात पत्रं ठेवली. मी बेचाळीस वर्षांची. घरी बसायची सवय नाही आणि इच्छाही नाही. पाच महिने अर्ज करत राहिले. बोलावणी आली दोनच. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला, 'तुमची एखादी ठळक कामगिरी सांगा.' दोन्हीकडे मी सांगितलं, आमची टीम फार चांगली होती, आम्ही सगळे मिळून काम करायचो. त्यांनी माना हलवल्या आणि नवऱ्याची बदली होते का ते विचारलं.

तेव्हा मी मोबाइलमधल्या एका ॲपला माझी माहिती दिली आणि म्हटलं, चांगला अर्ज लिहून दे. त्यानं अर्ध्या मिनिटात लिहून दिला. त्यात मी 'परिणामाभिमुख' होते, 'गतिमान' होते, 'गुणवत्तेच्या क्षेत्रात लक्षणीय परिवर्तन' घडवून आणलं होतं. वाचून मला त्या बाईचा हेवा वाटला. छापून घेतला आणि जिना चढायला लागले, तर तळमजल्याच्या दारात काकू. कोथिंबिरीची सांबारवडी केलीय, गरम आहे, खाऊन जा. मी आत गेले. कागद हातातच. काका समोरच्या खुर्चीत, आणि त्यांची नजर कागदावर.

नाही म्हणायला तोंडात वडी होती.

काकांनी पहिली ओळ वाचली, प्रश्नचिन्ह. दुसरी वाचली, प्रश्नचिन्ह. पान संपलं तेव्हा अर्ज गोवर आल्यासारखा दिसत होता. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मोबाइलनं.

"मंग नोकरी मोबाइलले लागू दे," काका म्हणाले. "तुले पाहिजे असन तं तू सांग. 'लक्षणीय परिवर्तन' म्हणजे तू काय केलं?"

मला राग आला. उठून जावं असं वाटलं. पण आपण काही केलंच नाही असं या माणसाला वाटू द्यायचं नाही, एवढ्यासाठी मी सांगायला लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात चिवडा सादळायचा. दुकानांतून खोकी परत यायची, एप्रिल ते जून महिन्याला चाळीस-पन्नास. सगळे म्हणायचे पाकिटाचा कागद वाईट आहे. कागद दोनदा बदलला, उपयोग झाला नाही. नंतर आम्ही पॅकिंगच्या खोलीतला कूलर हलवला. कूलरची ओली हवा थेट उघड्या चिवड्यावर येत होती. त्यानंतर महिन्याला दोन-तीनच खोकी यायला लागली.

"हे 'आम्ही' कोण?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, आम्ही म्हणजे आमचा विभाग.

"कूलर आम्ही हलवला, हे मले मान्य आहे. चार माणसांबगर तो हलत नाही. पण हलवाचा, हे कोणाले सुचलं?"

शेवटी मी सांगून टाकलं. सुचलं मलाच होतं. तीन दुपारी मी त्या खोलीत चिवड्याच्या वाट्या मांडून बसले होते. एक दाराजवळ, एक मशीनपाशी, एक कूलरसमोर, आणि दर तासाला कुठला चिवडा कुरकुरीत आहे ते खाऊन बघत होते. पॅकिंगच्या बाया हसत होत्या. साहेब म्हणाले होते, मॅडम पार्टी करून राहिल्या. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं.

काकांना सगळं पटलं असं समजू नका. त्यांनी विचारलं, हे पाहणारं कोणी आहे का? मी सुमनबाईंचं नाव घेतलं. त्या पॅकिंगला होत्या. काका म्हणाले, लाव फोन. मी म्हटलं, काका, आत्ता? ते म्हणाले, मंग केव्हा? मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सुमनबाईंना वाटलं मला पुन्हा नोकरीवर बोलावायचं आहे, आधी ते निस्तरलं. मग मी चाचरत विचारलं, तुम्हाला तो कूलर आठवतो का.

"आठवत नाही काय मॅडम," त्या म्हणाल्या. "वाट्या घेऊन बसल्या होत्या तुम्ही. आम्ही म्हणत होतो, ह्या बाईले येड लागलं. मंग माल वापस येनं बंद झालं, तं साहेबानं वरच्या साहेबाले सोताचं नाव सांगतलं. आम्हाले भल्ला राग आला होता तुमच्यावाला. काहून बोलल्या नाही म्हनून."

मी फोन ठेवला. काकांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. गडबड काय होती, तू काय पाह्यलं, तू काय केलं, अन् मंग काय झालं. एवढंच लिव्ह, म्हणाले, अन् 'लक्षणीय' लिव्हू नको. मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी वाचल्या. पेन टेकवलं नाही.

मात्र नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन दिवसांनी मी पूर्ण अर्ज दाखवायला आणला, तेव्हा काका तो घेऊन कोपऱ्यावर गेले आणि त्याची झेरॉक्स काढून आले. मूळ प्रत मला दिली आणि झेरॉक्स एका काळ्या रेक्झिनच्या बॅगेत ठेवली. कशाला, विचारलं, तर म्हणाले, असू दे.

ढोबळेवहिनींना हे सांगायला नको होतं. त्या लगेच म्हणाल्या, की ती बॅग घेऊन काका एक रविवार सोडून एक रविवार सकाळी खाप्याच्या बसमध्ये बसतात. वहिनींच्या भाच्यानं दोनदा पाहिलंय. खाप्यात काकांचं कोणी नाही. मग लोकांचे कागद घेऊन तिथे काय काम? त्या कागदावर माझा फोन नंबर होता, जन्मतारीख होती, आणि आता माझ्या वाट्यासुद्धा होत्या. हल्ली अशा कागदांचं लोक काय काय करतात ते रोज पेपरात येतं. मी ठरवलं, मुलाखत होईपर्यंत काही बोलायचं नाही. मग बघू.

मुलाखत एका मसाल्याच्या कंपनीत होती. तिची तयारी काकांनी आठ दिवस घेतली. घरातच बूट घालून ते जेवणाच्या टेबलामागे बसत. मी दारातून आत यायचं, नमस्कार करायचा, बसायचं. काकू दुसऱ्या परीक्षक. मी कूलर सांगायला लागले की काका घड्याळ बघत. पहिल्या दिवशी सहा मिनिटं लागली. त्यात सुमनबाईंच्या मुलीचं लग्नही येऊन गेलं. चौथ्या दिवशी दीड मिनिटावर आले. एखादं फसलेलं काम सांग, काका म्हणाले, तेवढंही तयार ठेव. ज्याचं काहीच फसलं नाही त्यानं काही केलंच नाही असं मी धरतो. मी दोन वेळा बदललेल्या पाकिटाच्या कागदाबद्दल सांगितलं, तो निर्णय माझाच होता. काकांनी मान हलवली. मध्येच काकूंनी विचारलं, घरचं कसं करशीन वं? काका चिडले, हा काही प्रश्न आहे का म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, नाही, विचार, ते विचारतीनच.

त्यांनी विचारलंच. पण त्याआधी कामगिरी विचारली, आणि मी पहिल्यांदा 'मी' म्हणाले. दीड मिनिटात कूलर हलला. टेबलापलीकडच्या तिघांतला एकजण पुढे झुकून म्हणाला, हे तुम्हीच केलं कशावरून? हाच प्रश्न, याच शब्दांत. काकांनी यांना फोन केला की काय? तरी उत्तर तयार होतं. मी सुमनबाईंचं नाव, हुद्दा आणि नंबर सांगितला, आणि परत आलेल्या खोक्यांचे आकडे महिन्यांसकट.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र ई-मेलवर आलं. खाली दाखवायला गेले तर काकांनी अभिनंदन केलं नाही. कंपनीचा पत्ता वाचला, स्वतः फोन लावून असं पत्र पाठवलंय का ते विचारलं, सही करणाऱ्याचं नाव तपासलं, आणि मग काकूंना म्हणाले, चहा टाक, खरं आहे.

चहा पिताना मी विचारून टाकलं. माझ्या अर्जाची झेरॉक्स कुठे आहे? खाप्याला काय आहे? त्या कंपनीत तुम्ही फोन केला होता का? तिन्ही प्रश्न एका दमात. मला वाटलं ते भडकतील. पण काका माझ्याकडे पहिल्यांदाच जरा कौतुकानं बघत होते. संशयाची किंमत त्या माणसाला कळते. फोन केला नव्हता, म्हणाले, शहाण्या माणसाले तोच प्रश्न सुचन. आणि बाकीच्या दोनसाठी रविवारी चाल.

रविवारी मी गाडी काढली. काका बॅग मांडीवर घेऊन शेजारी बसले. कन्हान नदीच्या काठावरच्या खाप्यात शिरल्यावर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दुकानामागेच घर. दुकानाचा मालक नामदेव, पन्नाशीचा, दंडानं मजबूत, हाताला वंगण. त्यानं हात पुसत पुसत 'या काका' म्हटलं, जसं घरच्या माणसाला म्हणतात. त्याची मुलगी सपना बाहेर आली. तिनं रक्त-लघवी तपासणीचा डिप्लोमा केला होता, सावनेरच्या एका लहान लॅबमध्ये वर्षभर काम करत होती आणि आता नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात अर्ज करणार होती.

काकांनी बॅग उघडली. आत पाच-सहा अर्जांच्या झेरॉक्स. प्रत्येकावरचं नाव, पत्ता, नंबर कात्रीनं कापून काढलेला. नमुने म्हणून काका त्या सपनाला वाचायला देत होते. तिनं एक पान वर करून मला विचारलं, "हा कूलर तुमचा का?" मी हो म्हटलं. ढोबळेवहिनींना मनातल्या मनात बरंच काही सुनावलं, आणि थोडं स्वतःलाही.

पण मला जास्त चकित केलं ते काकांनी. इथे त्यांच्या हातात लाल पेन नव्हतं. सपना सांगत होती, दोन नमुन्यांची लेबलं बदलली असावीत अशी मला शंका आली, मी रिपोर्ट अडवला, डॉक्टर रागावले, पुन्हा रक्त घेतलं तर खरंच अदलाबदल निघाली. माझ्या वेळी काकांनी यावर वीस प्रश्न विचारले असते. इथे ते हळू आवाजात एकेक विचारत होते, आणि उत्तर आलं की लगेच 'बरं' म्हणत होते.

नामदेव चहा घेऊन आला. मी नव्या नोकरीबद्दल सांगितलं तेव्हा हसून म्हणाला, मीपण एकदा नागपूरच्या कारखान्यात अर्ज टाकला होता, हेल्परच्या जागेसाठी. शिक्षण आठवी. अर्जात एक रकाना होता, विशेष कामगिरी. त्याच्या दोन वर्षं आधी नदीला मोठा पूर आला होता, आणि काठावरच्या वीटभट्टीतली माणसं छपरावर अडकली होती. नामदेवचे वडील मासेमारी करत, त्यांची नाव होती. वडील आजारी, म्हणून हा एकटा गेला. सात खेपा केल्या.

"तेच लिवलं. अठरा माणसं काढली म्हनून. होती बावीस," नामदेव म्हणाला. "म्हटलं, बावीस लिवलं तं साहेबाले खरं नाही वाटाचं. कमीच लिवावं."

मी हसले. नामदेवही हसला. काका उठून बाहेर गेले आणि दुकानात टांगलेल्या एका चाकाच्या तारा मोजल्यासारखं करत उभे राहिले.

परतताना सावनेर रोडला लागल्यावर ते आपण होऊन बोलले. नामदेवचा तो अर्ज त्यांच्याच टेबलावर आला होता. सोबत चिठ्ठी नाही, पत्र नाही, नुसती एक ओळ. त्यांनी बाजूला लाल पेनानं 'अतिशयोक्ती' लिहिलं आणि नकाराच्या गठ्ठ्यात टाकला. त्या जागेवर जो लागला त्याची सगळी प्रमाणपत्रं खरी होती, काम मात्र त्याला येत नव्हतं. पुढे निवृत्त झाल्यावर एका लग्नासाठी काका खाप्याला गेले. पंगतीत शेजारी बसलेली म्हातारी वाढणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली, ह्यानं मले पुरातून काढलं, मले अन् माह्या दोन लेकरांले. काकांनी त्याचं नाव विचारलं. असल्या अर्जावरचं नाव ते विसरणं शक्य नव्हतं.

"मले वाटलं होतं, आकडा खोटा आहे," काका म्हणाले. "आकडा खोटाच होता वं, वैशाली."



"चौतीस वर्षं मी शंका घेतल्या," ते पुढे म्हणाले. "बोलावून विचारलं कोणालेच नाही. दोन प्रश्न विचारले असते तं त्यानं बावीस नावं सांगितली असती."

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ते नामदेवकडे गेले होते, माफी मागायला. पण त्यानं ओळख ना पाळख चहा टाकला. मुलगी पुस्तक घेऊन आली, तिला काहीतरी अडलं होतं. सांगायचं राहून गेलं. त्यानंतर तीन वर्षं ते एक रविवार सोडून एक रविवार सांगायला जात होते. फाटकावरचा पुठ्ठा त्यांनी त्याच आठवड्यात लावला होता. मी म्हटलं, आता सांगून टाका काका. ते म्हणाले, हो, सपनाचं होऊन जाऊ दे.

सपनाचं झालं. दवाखान्यानं तिला घेतलं, आणि नामदेवनं आम्हाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर काका आत सपनाचं नेमणूकपत्र शब्द न् शब्द वाचत बसले होते. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. नामदेव पाणी घालत होता. आत एकदा बघून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? मले नाही म्हनून जे पत्र आलं होतं त्या कारखान्याचं, त्याच्यावर सही ह्यायचीच हाये. नाव छापेल हाये खाली."

तुम्हाला कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. दुसऱ्या खेपेपासून, तो म्हणाला. काकांनी फोन नंबरासोबत पूर्ण नाव लिहून दिलं होतं, तेव्हा पेटीतलं पत्र काढून पाहिलं. तीन दिवस राग होता. मग पुढच्या खेपेला काका आले, भर उन्हात, बसनं, सपनासाठी पुस्तकं घेऊन, आणि जाताना उंबऱ्यापाशी काहीतरी बोलायला थांबले आणि न बोलता गेले. तेव्हापासून प्रत्येक वेळी थांबतात.

"मंग तुम्ही तरी सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "त्यांच्या मनावरचं उतरेल."

नामदेवनं मान हलवली. "नोको मॅडम. एकदा का सांगून झालं, मंग काहून येतीन ते?"

निघताना काका खरंच उंबऱ्यापाशी थांबले. नामदेव त्यांच्याकडे बघत उभा राहिला, घाई न करता. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, पावसाळ्यात दुकानावरचं टिन गळत असन, पाहून घे. नामदेव म्हणाला, हो, पाहतो.

काका गाडीत बसले. पूल मागे पडला. मग म्हणाले, "आजही राहून गेलं. पुढच्या वेळी सांगतो."

"सांगा," मी म्हटलं. "घाई काय आहे?"

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एखाद्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढण्याआधीची त्यांची ती नजर मला चांगली माहीत आहे. ती माझ्यावर कितीतरी वेळ होती. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.